कन्येचा अभियांत्रिकी प्रवेश: सांगली, कराड की पुणे? पसंतीक्रमाबाबत सल्ला हवा आहे

येरळाकाठ (जुलै 2025)

नमस्कार. माझ्या थोरल्या मुलीने यंदा बारावी विज्ञान पूर्ण केले असून एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात तिला 96.4 पर्सेंटाइल मिळाले आहेत. आम्ही तासगाव तालुक्यातले. माझे छोटे कृषी सेवा केंद्र आहे आणि अभियांत्रिकीच्या वाटेला जाणारी आमच्या घरातली ती पहिलीच. दोन वर्षे ती मावशीकडे लातूरला राहून शिकली. प्रवर्ग इतर मागासवर्ग असून जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेयर ही दोन्ही प्रमाणपत्रे हाती आहेत.

आमच्यासमोर सध्या तीन वाटा आहेत. पहिली, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखा. दुसरी, कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जी शाखा मिळेल ती. तिसरी, पुण्यातील एका खासगी महाविद्यालयात एआय आणि डेटा सायन्स. तिथे माझ्या मेहुण्यांचा मुलगा शिकतो आणि घरातील बहुतेकांचा कल तिकडेच आहे. मला मात्र तिथल्या शुल्काची धास्ती वाटते.

गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उतरवून मी सांगली, कराड, कोल्हापूर आणि पुणे येथील सुमारे साठ पर्यायांचा तक्ता केला आहे. शिवाजी विद्यापीठ आमची होम युनिव्हर्सिटी असल्यामुळे सांगली-कराडसाठी त्या रकान्यातले आकडे घेतले आणि सर्वांत वरचा कटऑफ पहिला, त्याखालचा दुसरा, अशा क्रमाने तक्ता लावला. हाच क्रम अर्जात भरावा असा विचार आहे. जाणकारांनी चुका दाखवाव्यात, ही विनंती.

निवृत्त_अधिव्याख्याता

नमस्कार. मी अनेक वर्षे प्रवेश प्रक्रियेच्या एका सुविधा केंद्रावर कागदपत्र पडताळणीचे काम केले आहे, त्यामुळे शाखा आणि महाविद्यालय यांकडे वळण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारतो. मुलगी लातूरला राहून शिकली म्हणजे नेमके काय? पुष्कळ विद्यार्थी शिकवणीसाठी लातूरला राहतात, पण त्यांचे नाव गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात असते. आपल्या मुलीच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर कोणते महाविद्यालय आहे?

हा प्रश्न विचारण्याचे कारण असे की, दहावी-बारावी महाराष्ट्रातून केलेल्या सर्वसाधारण उमेदवाराची होम युनिव्हर्सिटी त्याच्या राहत्या घरावरून किंवा वडिलांच्या रेशनकार्डावरून ठरत नाही, तर बारावी ज्या ठिकाणाहून उत्तीर्ण केली ते ठिकाण कोणत्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते यावरून ठरते. खासगी महाविद्यालयांतील प्रवेश प्रक्रियेच्या जागांपैकी 70 टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या आणि 30 टक्के जागा बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, त्यामुळे या एका नोंदीने तक्त्यातले सगळे आकडे बदलू शकतात.

येरळाकाठ

सर, गुणपत्रिका पुन्हा काढून पाहिली. महाविद्यालय लातूरचेच आहे. मावशी तिथेच राहत असल्यामुळे आम्ही रीतसर प्रवेशच तिथे घेतला होता. याचा अर्थ माझा साठ ओळींचा तक्ता चुकला, असे समजावे काय?

निवृत्त_अधिव्याख्याता

तक्ता वाया गेलेला नाही, केवळ रकाना चुकला आहे. लातूर हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, तेव्हा शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात आपली मुलगी बाहेरची उमेदवार ठरेल आणि पुण्यातही बाहेरचीच.

पीडीएफमधील सांकेतिक नावे वाचताना पहिले अक्षर पाहावे: जी म्हणजे सर्वांसाठीची जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. मधला भाग प्रवर्ग दाखवतो. शेवटचे अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर बाहेरचे विद्यार्थी आणि एस असेल तर राज्यस्तरीय जागा. आपण जीओबीसीएच आणि एलओबीसीएच पाहत होता. यापुढे जीओबीसीओ, एलओबीसीओ आणि जिथे राज्यस्तरीय जागा आहेत तिथे शेवटी एस असलेले रकाने पाहावेत. खुल्या रकान्याकडेही दुर्लक्ष करू नये, कारण राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याचा विचार गुणवत्तेनुसार खुल्या जागेसाठीही होतो. प्रत्येक चौकटीत वर गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल असते. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वाढली की त्याच पर्सेंटाइलला मागचा गुणवत्ता क्रमांक मिळतो, म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचल्याशिवाय मागच्या वर्षाची यंदाशी तुलना करू नये.

याची दुसरी बाजू अशी की, आपल्या यादीत नांदेडचे नावच नाही. विष्णुपुरी येथील श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था 1981 पासूनची शासन अनुदानित आणि स्वायत्त संस्था आहे. सांगलीत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती येत नाही हे स्वाभाविक आहे, परंतु लातूरहून बारावी झालेल्या मुलीने तिचा विचार केलाच पाहिजे.

वैदेही_नाशिक

येरळाकाठ, शुल्काची धास्ती वाटते असे आपण लिहिले आहे, त्याविषयी थोडे लिहिते. माझ्या मुलीचा प्रवेश गेल्या वर्षी झाला आणि या विषयात आमची बरीच धावपळ झाली.

राज्य शासनाच्या जुलै 2024 च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग व इतर मागासवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत मिळते. पूर्वी ही सवलत निम्मी होती. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला असावा, ही मुख्य अट आहे; व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ मिळत नाही. विनाअनुदानित खासगी महाविद्यालयालाही सवलत लागू आहे, मात्र खासगी अभिमत विद्यापीठ आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ यांना ती लागू नाही. पुण्यात एकाच आवारात, जवळपास एकाच नावाने एक संलग्न महाविद्यालय आणि एक खासगी विद्यापीठ नांदत असल्याची उदाहरणे आहेत. आपण सांगता ते नेमके कोणते, हे नावाच्या पाटीवरून न ठरवता प्रवेश प्रक्रियेच्या यादीवरून ठरवावे.

म्हणजेच शिक्षण शुल्काच्या दृष्टीने सांगली, कराड आणि पुणे यांच्यात आपल्याला वाटते तेवढे अंतर राहत नाही. राहते ते विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ आणि प्रवास यांचे. विनाअनुदानित महाविद्यालयांचे शिक्षण आणि विकास शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते महाविद्यालयनिहाय पाहता येते. वसतिगृहाचा खर्च मात्र तिथे दिसत नाही. आम्हाला एका महाविद्यालयाने दूरध्वनीवरून सांगितलेले वसतिगृह शुल्क आणि प्रत्यक्ष मागितलेले शुल्क यांत चांगलाच फरक निघाला. खानावळीचे पैसे वेगळे, हे प्रवेशाच्या दिवशी कळले. म्हणून लेखी तक्ता मागावा.

जाता जाता: नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र 31 मार्च 2026 पर्यंत वैध आहे ना, हे आजच पाहावे. हाती आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये, कारण जुन्या प्रमाणपत्रामुळे ऐन वेळी खुल्या प्रवर्गात गेलेली मुले आम्ही पडताळणीच्या रांगेत पाहिली आहेत.

स्पष्टोक्ती

वरील माहिती उपयुक्त आहे, तरीही मूळ प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही. माझे मत थोडे कठोर वाटेल. आज संगणक आणि त्याच्या आसपासच्या शाखा सोडून विद्युत किंवा स्थापत्य घेणे म्हणजे पुढे दोन वर्षांनी स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकून त्याच कंपन्यांच्या दारात उभे राहणे होय. मी 2009 साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि आज सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक जण तेच करतात. पोहोचायचे तिथेच असेल, तर वळसा कशाला घ्यावा? त्यात पुण्यात राहिल्याने इंटर्नशिप, स्पर्धा आणि ओळखी यांचा जो लाभ होतो, तो सांगली-कराडला होत नाही. मेहुण्यांचा मुलगा तिथे आहे, ही जमेची बाजू समजावी.

तारमार्ग

स्पष्टोक्ती यांचा अनुभव खोटा नाही, परंतु त्यांनी तो सर्वांना लागू केला आहे. मी विद्युत अभियंता असून गेली अठरा वर्षे पारेषण क्षेत्रात, म्हणजे उच्चदाब वाहिन्या आणि उपकेंद्रे यांच्या कामात आहे. विद्युत शाखेच्या विद्यार्थ्याला महावितरण आणि महापारेषण यांच्या भरती परीक्षा, गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर होणारी केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांतील भरती, लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा आणि आता सौरऊर्जा व विद्युत वाहने यांतील खासगी कामे, अशी बरीच दारे असतात. त्याला सॉफ्टवेअरकडे जायचे असल्यास तेही दार कोणी बंद करत नाही. उलट दिशेचा प्रवास मात्र कठीण आहे: एआयची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला पुढे संरक्षक रिले किंवा रोहित्र यांच्या कामाची ओढ वाटली, तर त्याला विद्युतच्या पदांसाठी अर्जही करता येत नाही.

शाखेच्या नावाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. एआय आणि डेटा सायन्स ही बऱ्याच ठिकाणी संगणक अभियांत्रिकीचीच एक फांदी आहे. पहिल्या दोन वर्षांत तेच डेटा स्ट्रक्चर, तीच ऑपरेटिंग सिस्टिम, तेच गणित. फरक तिसऱ्या वर्षापासून पडतो आणि तो शिकवणारे अध्यापक त्या महाविद्यालयात आहेत का, यावर सारे अवलंबून असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2024-25 पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेतील जागांची वरची मर्यादा काढून टाकली, तेव्हापासून अनेक खासगी महाविद्यालयांत संगणकाच्या तुकड्या झपाट्याने वाढल्या. तुकडी वाढवायला एक परवानगी पुरते. अध्यापक घडायला दहा वर्षे लागतात. परिषदेच्या निकषानुसार वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असावा लागतो. प्रत्यक्षात त्या विभागात कायम अध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे विचारल्याशिवाय शाखेच्या नावावर भाळू नये.

यात आणखी एक गोष्ट मला खटकली, ती रागाने नव्हे तर आपुलकीने लिहितो. येरळाकाठ यांनी तीन वाटा सांगितल्या, घरातल्यांचा कल सांगितला, स्वतःची धास्ती सांगितली. ज्या मुलीला चार वर्षे त्या वर्गात बसायचे आहे तिला काय आवडते, याचा एकही शब्द मूळ लेखात नाही.

येरळाकाठ

तारमार्ग, आपले म्हणणे खरे आहे आणि ते वाचून मला ओशाळल्यासारखे झाले. काल रात्री तिच्याशी बोललो. तिचे उत्तर असे: "मला भौतिकशास्त्र आवडते, प्रोग्रॅमिंग मी केलेच नाही, मग ते आवडते की नाही हे कसे सांगू?" तिने नववीत असताना आमच्या दुकानातील इन्व्हर्टर उघडला होता आणि माझा मार खाल्ला होता, ही आठवणही तिने काढली. पुण्याविषयी विचारल्यावर ती म्हणाली की लातूरला दोन वर्षे काढल्यानंतर तिला शहराचे आकर्षण किंवा भीती, दोन्ही उरलेले नाही.

सहावे_सत्र

काका, मी सध्या एका खासगी स्वायत्त महाविद्यालयात अंतिम वर्षाला आहे, त्यामुळे महाविद्यालय आतून कसे दिसते तेवढेच सांगतो. (सदस्यनाम घेतले तेव्हा सहाव्या सत्रात होतो, बदलायचे राहून गेले.)

प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक महाविद्यालय फलकावर सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा लावते. तो एका विद्यार्थ्याचा असतो आणि तो विद्यार्थी बहुधा कुठेही गेला असता तरी तिथेच पोहोचला असता. आपण मध्यक विचारावा, म्हणजे नोकरी मिळालेल्या सर्वांचे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. सरासरी विचारू नये, कारण दोन-तीन मोठे आकडे सरासरीला वर खेचतात. त्यानंतर टक्केवारी कशाची, हे विचारावे. आमच्याकडे टक्केवारी काढताना भागाकारात सगळे विद्यार्थी येत नाहीत, केवळ "पात्र आणि इच्छुक" विद्यार्थी येतात; ज्यांचे विषय राहिले आहेत ते आणि उच्च शिक्षणाला जाणारे आधीच वगळलेले असतात. एका मुलीला तीन कंपन्यांनी बोलावले तर काही ठिकाणी त्या तीन नोकऱ्या धरल्या जातात. शाखानिहाय आकडे मागितले की समोरच्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. विद्युत शाखेच्या विद्यार्थ्यांना मिळालेली कामे विद्युतची होती की सगळ्यांनाच सरसकट घेणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची, हेही त्यातूनच कळते.

मानांकनांविषयी गल्लत होते, म्हणून सांगतो. नॅक संपूर्ण संस्थेला श्रेणी देते, तर एनबीए एकेका अभ्यासक्रमाला ठरावीक वर्षांसाठी मान्यता देते. "आमचे महाविद्यालय एनबीए मान्यताप्राप्त आहे" या वाक्याचा अर्थ यंत्र शाखेला मान्यता आहे आणि आपण ज्या शाखेत जाणार तिला नाही, असाही निघू शकतो. नव्या शाखेची पहिली तुकडी बाहेर पडण्यापूर्वी तिला अशी मान्यता मिळतच नाही, त्यामुळे आपल्या यादीतील एआय शाखा कोणत्या वर्षी सुरू झाली हे पाहावे.

भेट देताना प्रवेश कक्षात बसून राहू नये. ते लोक चहा देतात, माहितीपत्रक देतात आणि बगीचा दाखवतात. शक्य झाल्यास प्रात्यक्षिक चालू असताना प्रयोगशाळेत डोकवावे आणि एका यंत्राभोवती किती जण उभे आहेत ते मोजावे. दोघे-चौघे असतील तर काम चालू आहे. पंधरा असतील तर एक जण करतो आणि चौदा जण जर्नल उतरवून घेतात. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, मुलींना वसतिगृहातून तिथे जाता येते का, की मुलींसाठी दाराची वेळ वेगळी आहे, हे आपल्या मुलीने स्वतः तिथल्या मुलींना विचारावे. बापाला वेगळे उत्तर मिळते.

स्पष्टोक्ती

सहावे_सत्र यांचे मुद्दे मान्य आहेत. तारमार्ग यांच्या एका विधानालाही मान तुकवतो: सॉफ्टवेअरमधून विद्युतकडे परतीची वाट नाही, हा विचार मी केला नव्हता. तरी शहराचा मुद्दा मी सोडणार नाही. ज्या मुलीला कोणता विषय आवडतो हेच अद्याप ठाऊक नाही, तिला चार प्रकारची माणसे भेटतील असे ठिकाण उपकारक ठरते.

निवृत्त_अधिव्याख्याता

शहराचा लाभ असतो, हे खरे. तथापि सांगलीचे वालचंद 1947 पासून आणि कराडचे शासकीय महाविद्यालय 1960 पासून चालू आहे; त्यांचे माजी विद्यार्थी सर्वत्र पसरलेले आहेत आणि हे जाळे लहान गावातील संस्थेला शहराची उणीव बऱ्याच अंशी भरून देते. नव्या खासगी महाविद्यालयाला शहर मिळते, पण असे माजी विद्यार्थी मिळायला वेळ लागतो.

आता ज्यासाठी हा धागा सुरू झाला त्या पसंतीक्रमाकडे वळतो, कारण मूळ लेखातील सर्वांत मोठी चूक माझ्या मते होम युनिव्हर्सिटीची नव्हती, ती क्रमाची होती. येरळाकाठ यांनी पर्याय कटऑफच्या उतरत्या क्रमाने लावले आहेत. कटऑफ म्हणजे काय? गेल्या वर्षी ती जागा घेणाऱ्या शेवटच्या विद्यार्थ्याचे पर्सेंटाइल. त्यातून त्या जागेसाठी किती लोकांनी धाव घेतली एवढे कळते. तिथे काय शिकवतात आणि ते आपल्या मुलीला मानवेल का, हे कळत नाही. त्या क्रमाने यादी लावणे म्हणजे गेल्या वर्षीच्या हजारो अनोळखी मुलांच्या आवडीची नक्कल आपल्या मुलीच्या नावाने सादर करणे.

संगणक आपली यादी वरून खाली वाचतो. गुणवत्ता क्रमांकानुसार आपली पाळी आली की पहिल्या पर्यायात जागा आहे का ते पाहतो, नसल्यास दुसऱ्यात, नसल्यास तिसऱ्यात. जिथे मिळेल तिथे थांबतो. वरच्या क्रमांकावर अशक्य वाटणारा पर्याय ठेवल्याने खालच्या पर्यायावरचा आपला हक्क तसूभरही कमी होत नाही. "पहिल्या क्रमांकावर भरले नाही म्हणून जागा दुसऱ्याला गेली" हा समज मी दरवर्षी ऐकला आणि दरवर्षी खोडून काढला. अर्जात 300 पर्यायांपर्यंत मुभा आहे, तेव्हा काटकसर करण्याचे कारण नाही. क्रम मात्र निव्वळ इच्छेचा असावा.

एका गोष्टीचे भान यंदा विशेष ठेवावे लागेल. फेऱ्या तीनऐवजी चार होणार आहेत आणि जागा आपोआप गोठवण्याचा नियम टप्प्याटप्प्याने कडक होत जातो: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी एक मिळाला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाला, तर ती जागा स्वीकारावीच लागते, अन्यथा पुढील केंद्रीय फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. म्हणून पहिले सहा पर्याय असे असावेत की त्यांपैकी कोणताही मिळाला तरी घरात पेढे वाटता येतील. केवळ नाव मोठे आहे म्हणून वर ठेवलेली नकोशी शाखा पहिल्याच फेरीत गळ्यात पडू शकते, आणि मग ती गळ्यात पडली असे म्हणण्याचा अधिकारही आपल्याला राहत नाही.

वरच्या पर्यायाच्या आशेने पुढील फेरीत जाताना एवढे ध्यानात ठेवावे की तो मिळाला तर आधीची जागा आपोआप सुटते; मन बदलले म्हणून परत मागता येत नाही.

वैदेही_नाशिक

सरांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडते. या दिवसांत "आमच्याकडे जागा राखून ठेवतो, आत्ताच थोडी रक्कम भरा" असे दूरध्वनी येऊ लागतात. आम्हालाही आले होते. केंद्रीय प्रक्रियेतील जागा कोणीही राखून ठेवू शकत नाही आणि संस्थास्तरावरील जागा घेतली की शुल्क सवलत जाते, एवढे लक्षात ठेवले तर मोह होत नाही. मूळ कागदपत्रे कोणाकडेही ठेवण्यास देऊ नयेत; तंत्रशिक्षण परिषदेचे नियम संस्थांना ती अडवून ठेवू देत नाहीत, आणि विहित मुदतीत प्रवेश रद्द केल्यास हजार रुपयांपर्यंत कपात करून बाकीचे शुल्क परत द्यावे लागते.

येरळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या आठ दिवसांत आम्ही दोघा बापलेकींनी सांगली, कराड आणि पुणे येथे जाऊन महाविद्यालये पाहिली. नांदेडची चौकशी तिच्या लातूरच्या मैत्रिणीच्या भावाकडे केली, तो तिथेच शिकतो.

पुण्याच्या महाविद्यालयाची इमारत देखणी होती. ते संलग्न महाविद्यालयच आहे, त्यामुळे सवलत लागू होईल असे तिथल्या लिपिकांनी सांगितले आणि ते यादीशी ताडूनही पाहिले. मात्र एआय शाखेची पहिली तुकडी अद्याप बाहेर पडलेली नाही आणि शाखानिहाय मध्यक विचारल्यावर आम्हाला पुन्हा तेच माहितीपत्रक देण्यात आले. मेहुण्यांच्या मुलाने गच्चीवर नेऊन मुलीला काय सांगितले ते मला ठाऊक नाही. ती खाली आली तेव्हा बरीच गंभीर होती. सांगलीत विद्युत यंत्रांच्या प्रयोगशाळेत एका शिपाईमामांनी आम्हाला आत जाऊ दिले. तिथे ती अर्धा तास रमली, मी बाहेर बाकावर बसून राहिलो. तिथल्या एका अध्यापकांनी तिला विचारले की इन्व्हर्टर उघडल्यावर आत काय दिसले, आणि तिने जे सांगितले त्यातले मला काही कळले नाही.

तक्ता आता तिनेच पुन्हा केला आहे. पहिला पर्याय सांगली विद्युत, दुसरा सांगली इलेक्ट्रॉनिक्स, तिसरा नांदेड विद्युत, चौथा नांदेड इलेक्ट्रॉनिक्स, पाचवा कराड विद्युत. सहाव्या क्रमांकावर तिने पुण्याच्याच दुसऱ्या एका जुन्या महाविद्यालयातील संगणक शाखा ठेवली, तिथे जागा मिळण्याची शक्यता अगदी कमी असली तरी. मेहुण्यांच्या मुलाचे महाविद्यालय चौदाव्या क्रमांकावर गेले असून ही बातमी त्यांच्या घरी अद्याप कोणी दिलेली नाही. बाहेरच्या रकान्यातले आकडे पाहता सांगलीचे काही खरे नाही, असे मी तिला सांगून पाहिले. "मग वर ठेवल्याने काय बिघडते?" असे तिने सरांच्याच शब्दांत मला ऐकवले.

एक शंका उरली आहे. शिक्षण शुल्क माफी योजनेचे, म्हणजे टीएफडब्ल्यूएसचे पर्याय यादीत स्वतंत्र संकेतांकाने दिसतात. तेही भरावेत काय?

निवृत्त_अधिव्याख्याता

टीएफडब्ल्यूएसच्या जागा मंजूर क्षमतेच्या पाच टक्के एवढ्याच आणि अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांव्यतिरिक्त, असतात, त्यामुळे त्यांचा कटऑफ बहुधा वरच राहतो. शिवाय त्या जागेवर प्रवेश घेतल्यास पुढे शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही. आपल्या मुलीला मुलींची सवलत मिळणारच असेल, तर त्या जागेवाचून तिचे अडणार नाही. तरीही भरायचे असल्यास सांगली विद्युतच्या लगत, त्याच शाखेचा टीएफडब्ल्यूएस पर्याय ठेवावा. क्रम बिघडू देऊ नये.

अर्ज निश्चित करण्यापूर्वी पहिल्या सहा ओळी तिला मोठ्याने वाचायला सांगाव्यात. सहावी ओळ संगणकाची आहे. तिसऱ्या फेरीत ती मिळाली तर विद्युतची आशा तिथेच संपेल. तिला हे ठाऊक आहे का?

येरळाकाठ

विचारले. तिने संगणक आठव्या क्रमांकावर नेला आणि सहावी जागा कराडच्या स्थापत्यला न देता कोल्हापूरच्या एका महाविद्यालयातील विद्युत शाखेला दिली. ते महाविद्यालय आम्ही पाहिलेले नाही, म्हणून उद्या सकाळच्या एसटीने निघत आहोत.

सहावे_सत्र

काका, उद्या शनिवार आहे. प्रात्यक्षिके दुपारी नसतात, अकराच्या आत पोहोचा.